एका रात्रीचा अल्बम

लाइव्ह अल्बम म्हणजे कार्यक्रम सुरू झाला की रेकॉर्डर चालू करायचा आणि संपला की बंद करायचा, अशी आपली साधारण समजूत असते. प्रत्यक्षात रेकॉर्डर चालू होण्याच्या कितीतरी आधी त्या अल्बमची बरीचशी घडण झालेली असते, आणि उरलेली कार्यक्रम संपल्यावर होते. हे सगळे नीट समजून घ्यायचे असेल, तर कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याचा ‘लाइव्ह इन लंडन’ हाताशी घ्यावा. १७ जुलै २००८ रोजी लंडनच्या ओटू अरीनात झालेला एकच कार्यक्रम त्यात आहे. कोहेन तेव्हा ७३ वर्षांचा होता.

या वयात दौरा कशासाठी? कोहेन मुळात माँट्रियलचा कवी आणि कादंबरीकार. त्याचा गाण्यांचा पहिला अल्बम १९६७ साली आला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. १९९३ च्या दौऱ्यानंतर त्याने गाण्याचा मंच सोडला आणि लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी इथल्या झेन मठात तो राहायला गेला. १९९६ मध्ये त्याने भिक्षूची दीक्षा घेतली. १९९९ मध्ये डोंगर उतरल्यावर तो मुंबईला आला, तो रमेश बाळसेकरांकडे. बँकेतल्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेले बाळसेकर निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराजांचे मराठी निरूपण परदेशी साधकांना ते इंग्रजीतून समजावून देत. त्यांच्या घरच्या सत्संगाला कोहेन नियमाने बसत असे.

पुढे २००४ च्या सुमारास त्याच्या लक्षात आले, की म्हातारपणासाठी साठवलेला पैसा जवळजवळ संपलेला आहे. तो पैसा काढून घेतल्याबद्दल त्याच्या माजी व्यवस्थापिकेविरुद्ध २००६ मध्ये न्यायालयाने सुमारे ९० लाख डॉलरचा निकाल दिला, पण पैसे हाती लागणे दूरच राहिले. गीतकार-गायकाची कमाई मुख्यतः दोन वाटांनी होते: गाण्यांच्या हक्कांची रॉयल्टी आणि तिकिटे लावून केलेले कार्यक्रम. कोहेनच्या बाबतीत बऱ्याच गाण्यांचे हक्कही विकले गेले होते. दुसरी वाट तेवढी मोकळी होती.

इथून खरे काम सुरू होते. पहिली पायरी वादक निवडण्याची. संगीत दिग्दर्शनाची जबाबदारी बास गिटार वाजवणाऱ्या रॉस्को बेककडे आली. तो १९७९ च्या दौऱ्यातही कोहेनबरोबर होता. अडचण गायकाच्या आवाजाची होती. कोहेनचा आवाज खर्जातला, आणि जोर न लावता, माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन तो गात असे. हळू आवाजासाठी माइक जास्त उघडावा लागतो, आणि जास्त उघडलेल्या माइकमध्ये शेजारचे ड्रमही शिरतात. त्यावर उपाय एकच: सगळ्या वाद्यमेळाने दबून वाजवायचे.

शिवाय प्रत्येक वाद्याला स्वरांच्या पट्टीत आपापली जागा हवी. बार्सिलोनात राहणारा हाव्हिएर मास बांदुरिया आणि आर्चिलाऊद ही तारांची स्पॅनिश वाद्ये वाजवतो. त्यांचा झणत्कार कोहेनच्या खर्जाच्या पुष्कळ वर राहतो. नील लार्सनचा हॅमंड ऑर्गन मधली जागा भरतो. शेरॉन रॉबिन्सन आणि वेब भगिनी यांचे तीन स्त्रीस्वर त्याच्याही वर तरंगतात. खालचा मजला एकट्या कोहेनसाठी आणि बाससाठी मोकळा राहतो. म्हणूनच वीसेक हजार माणसे मावणाऱ्या अरीनातसुद्धा त्याचा शब्दन् शब्द कळतो.

दुसरी पायरी क्रम बसवण्याची. काही महिन्यांच्या तालमीनंतर दौरा लंडन-न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला नाही. ११ मे २००८ ला पहिला कार्यक्रम झाला तो कॅनडाच्या पूर्वेकडल्या फ्रेडरिक्टन गावात, हजार आसनेही नसलेल्या नाट्यगृहात. लहान सभागृहात चुका परवडतात. कोणत्या गाण्यानंतर कोणते बसते, मध्यंतर कुठे घ्यायचे, हे तिथे ठरत गेले. लंडनला पोचेपर्यंत कार्यक्रम दोन अंकी नाटकासारखा पक्का झाला होता.

गाण्यांइतकेच मधले बोलणेही पक्के झालेले असते. आपण मागे इथे आलो तेव्हा साठीचे पोर होतो, मधल्या काळात अमुक गोळ्या घेतल्या, तमुक तत्त्वज्ञाने अभ्यासली, तरी आनंदी वृत्ती काही केल्या जाईना, असा विनोद कोहेन लंडनमध्ये करतो. सभागृह हसून लोळते. हाच विनोद त्याने दौऱ्यात गावोगाव केला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ‘टॉवर ऑफ साँग’ मध्ये तो एका छोट्या कीबोर्डवर तयार ठेका लावतो आणि मधल्या जागेत एकेका बोटाने चार-दोन सूर वाजवतो. नवशिक्या मुलालाही जमतील असे हे सूर, पण त्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो आणि तो गंभीर चेहऱ्याने आभार मानतो. ही गंमत रोजची होती, प्रेक्षक मात्र रोज नवे. रोजचीच गोष्ट आत्ता सुचल्यासारखी सांगता येणे, हे दौऱ्यावरच्या कलावंताचे कौशल्य.

तिसरी पायरी ध्वनिमुद्रणाची. मंचावरच्या प्रत्येक माइकची तार एका खोक्यात येते आणि तिथे ध्वनीला फाटे फुटतात. एक फाटा प्रेक्षकांना ऐकवणाऱ्या मिक्सरकडे जातो, एक कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मॉनिटरकडे आणि एक मुद्रणाकडे. सभागृहातल्या इंजिनिअरने ऐनवेळी ऑर्गन कमी केला, तरी मुद्रणात तो जसाच्या तसा उतरतो. प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा असल्यामुळे त्यांचा तोल नंतर सावकाश साधता येतो.

प्रेक्षकांच्या दिशेने तोंड केलेले माइक वेगळेच लावतात. ते नसतील तर सगळे स्टुडिओत केल्यासारखे कोरडे वाटते. पण त्यांची एक खोड असते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मंचावरच्या ध्वनिवर्धकांपासून ३४ मीटर दूर असलेल्या माइकला गाणे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येते. तो ट्रॅक तसाच मिसळला तर गायकाच्या मागे दुसरा कोणी गातोय असे वाटेल. म्हणून तो नंतर तेवढाच अलीकडे ओढून जुळवतात. गाणे चालू असताना त्याची पातळी खाली ठेवतात आणि संपताना वर आणतात. अल्बममधल्या टाळ्या खऱ्या असतात, पण त्या किती ऐकू याव्यात ते मिक्सिंग करणारा ठरवतो.

शेवटची पायरी निवडीची, आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. दौऱ्यात शेकडो रात्री असतात. प्रत्येक गाण्याची उत्तम रात्र वेगळी निवडून अल्बम करता येतो. याच दौऱ्यातून निघालेल्या ‘साँग्ज फ्रॉम द रोड’ (२०१०) या अल्बमची गाणी अशीच तेल अवीव, ग्लासगो, हेलसिंकी अशा वेगवेगळ्या शहरांतली आहेत. त्यात सफाई अधिक आहे. मार्च २००९ मध्ये आलेल्या ‘लाइव्ह इन लंडन’मध्ये मात्र एकच रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येते. पहिल्या गाण्यात आवाज जरा राखलेला, ‘अँथम’पर्यंत मोकळा झालेला, मग कोहेन एकेका वादकाची नावानिशी ओळख करून देतो आणि मध्यंतर होते. हा चढ तुकडे जोडून आणता येत नाही.

या सगळ्याची किंमत शरीर देते. जवळजवळ तीन तासांचा कार्यक्रम त्याने २०१० अखेरपर्यंत सुमारे अडीचशे वेळा केला. १८ सप्टेंबर २००९ ला स्पेनमध्ये वालेन्सियाला तो मंचावरच चक्कर येऊन पडला. तीन दिवसांनी, पंच्याहत्तराव्या वाढदिवशी, तो बार्सिलोनात पुन्हा गात होता. पुढचा दौरा डिसेंबर २०१३ मध्ये ऑकलंडला संपला. कोहेन गेला ७ नोव्हेंबर २०१६ रोजी.

दोन्ही अल्बम सहज मिळतात. आधी ‘लाइव्ह इन लंडन’च ऐका, गाणी मागेपुढे न करता. ‘हू बाय फायर’ पहिल्यांदा मोठ्या आवाजात न ऐकता हेडफोन लावून ऐका: गाण्याआधी मासची तार एकटी वाजते, बाकीचे सगळे थांबलेले असतात. वादकांनी दबून वाजवण्याचा अर्थ तिथे समजतो.