पाणबुड्यांचे साहित्य आणि अनुदानाची वाट

शिरगाव, सातपाटी, वडराई या पालघरच्या किनारपट्टीवर पोलिसांना पाणबुड्यांचे साहित्य हवे असेल, तर पोलीस ठाण्याने थेट केंद्राकडे अर्ज करून अनुदान मिळवावे, ही समजूत भारतीय व्यवस्थेला लागू पडत नाही. अमेरिकेत बंदर-सुरक्षा अनुदानासाठी स्थानिक यंत्रणांना संघीय निधी मागता येतो. भारतात मात्र राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ हा राज्यसूचीतील विषय असल्याने ठाण्याची मागणी जिल्हा पोलीस अधीक्षक आणि पोलीस महासंचालक यांच्या कार्यालयांतून गृह विभागापर्यंत जाते. पोलीस दल आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना 1969-70 पासून चालू असली, तरी तिचा पैसा राज्याने सादर केलेल्या कृती आराखड्याला मिळतो आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, तर राज्याचा 40 टक्के धरला जातो.

सागरी सुरक्षा योजना 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर जन्मली, हाही असाच एक गैरसमज आहे. तिचा पहिला टप्पा 2005-06 मध्येच सुरू झाला होता. हल्ल्यानंतर तिला वेग आला, एवढेच. सागरी पोलीस ठाणी, गस्ती नौका आणि वाहने यांवर तिचा भर असल्यामुळे पाण्याखालील शोधासाठी तिच्याकडे बोट दाखवणे फारसे उपयोगी नाही. मुळात पोलीस पाणबुड्यांचे काम खवळलेल्या समुद्रातून माणसे वाचवण्याचे नसते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात वडराईजवळ ‘गल कन्स्ट्रक्टर’ ही बार्ज रुतली, तेव्हा तिच्यावरील 137 जणांची सुटका तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी केली. नदी, खाडी, विहीर किंवा पाणी साठलेली दगडखाण यांतून मृतदेह, शस्त्र वा अन्य पुरावा शोधणे, हे पोलीस पाणबुड्यांचे खरे काम असून प्रस्तावात तेच स्पष्टपणे लिहिलेले बरे.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना सामाजिक दायित्वाचा निधी पोलिसांना द्यावाच लागतो, असेही मानले जाते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करायची असते, स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचे असते. परंतु कोणाला द्यायचे हे संचालक मंडळ ठरवते. शिवाय खर्च त्याच कायद्याच्या अनुसूची सातमधील विषयांत बसावा लागतो, आणि तेथे पोलीस साहित्य असा स्वतंत्र विषय नसला तरी आपत्ती व्यवस्थापन आहे, त्यामुळे मागणी त्या अंगाने मांडणे सयुक्तिक ठरते. जिल्हा नियोजन समितीकडेही प्रस्ताव देता येतो. मात्र आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, याचे भान ठेवून तो वेळेत द्यावा लागतो.

साहित्य मिळाले की काम झाले, ही समजूत सर्वांत महागात पडते. पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्यात सर्रास समजतात तसा शुद्ध प्राणवायू नसून दाबाखाली भरलेली साधी हवा असते. शुद्ध प्राणवायू सुमारे 6 मीटरखाली विषारी ठरू शकतो, तर 10 मीटरवर शरीरावरील एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून हवा भरणारा कंप्रेसर, नळकांड्यांची ठरावीक मुदतीने दाबचाचणी, श्वसनयंत्राची देखभाल आणि नियमित सराव हा दरवर्षीचा खर्च खरेदीसोबतच मागावा लागतो. शोधासाठी पाण्यात उतरणाऱ्यामागे दोर सांभाळणारा आणि गरज पडल्यास उतरण्यास सज्ज असा दुसरा पाणबुड्या असावा लागत असल्याने एकट्या शिरगावासाठी संच मागण्यापेक्षा जिल्हा मुख्यालयात प्रशिक्षित पथक उभारण्याची मागणी अधिक व्यवहार्य आहे.