झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला ओळखीचं वाटेल असं भूत

भंडाऱ्यात धान कापून झालं की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम येतो. दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास सरतो. मंडपात गावच्या गाव जमतं आणि नाटक रात्रभर रंगतं. नटाने पाऊल कसं टाकलं, आवाज कुठे चढवला, यावरून पुढचा प्रसंग ओळखणारा हा प्रेक्षक आहे. 'द ग्रज' हा सिनेमा त्याला इतरांपेक्षा जास्त घाबरवेल, असं मला ठामपणे वाटतं. कारण या सिनेमातली भीती यंत्राने घडवलेली नाही, ती नटीच्या अंगातून येते.

२००४ सालचा हा अमेरिकी सिनेमा 'जु-ऑन' या जपानी सिनेमाचा रिमेक. एरवी रिमेक करताना दिग्दर्शक बदलतो, नटमंडळी बदलतात, गोष्ट आपल्या मुलखात आणली जाते. इथे निर्माता सॅम रेमी याने मूळ दिग्दर्शक ताकाशी शिमिझु यालाच बोलावलं, कथा टोकियोतच ठेवली आणि भुताचं काम मूळच्याच ताकाको फुजीकडे दिलं. अमेरिकी नटांना शिमिझु दुभाष्यामार्फत सूचना देत असे. सुमारे १ कोटी डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमाने जगभरात १८ कोटींहून जास्त कमावले.

गोष्ट थोडक्यात अशी. ताकेओ साएकी संशयाने पेटून बायकोला, कायाकोला, मारतो. मुलगा तोशिओही वाचत नाही. मरतानाचा संताप त्या घरात साचून राहतो आणि उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला धरतो. घर सोडून पळालं तरी सुटका नाही. मांत्रिक नाही, उतारा नाही.

आणि घर तरी कसलं? ओसाड वाडा नाही की पडका किल्ला नाही. मध्यमवर्गीय गल्लीतलं साधं दुमजली घर. भीती बसलीय माळ्यावर, अंथरुणं ठेवायच्या कपाटात, जिन्याच्या वळणावर. भूत आलं की आपण लहानपणापासून गोधडी डोक्यावरून ओढून घेतो. शिमिझुने भूत त्या पांघरुणाच्या आतच आणून ठेवलं! रक्तपात इतका कमी की अमेरिकेत तेरा वर्षांपुढच्या मुलांना तो पाहायला आडकाठी नव्हती. तरीही अंगावर काटा येतो, याचं मला आजही नवल वाटतं.

यामागची करामत ऐकण्यासारखी आहे. कायाको दिसण्याआधी तिच्या घशातून तुटक करकर ऐकू येते. नवऱ्याने तिची मान मोडलेली, म्हणून तिला शब्द उरलेला नाही. हा आवाज खुद्द शिमिझुने आपल्या घशातून काढला. कान आधी घाबरतो आणि डोळा मग अंधार चाचपत बसतो. त्यानंतर ती जिन्यावरून सरपटत खाली उतरते, सांधे उलटेसुलटे वळवत. माणसाचंच शरीर, पण माणसासारखं हलत नाही. १९९८ सालच्या शिमिझुच्या लघुपटापासून फुजीच हे काम करत होती, म्हणून ते तिच्या अंगात इतकं मुरलेलं दिसतं.

या भुताची वंशावळ रंगमंचावरची आहे. १८२५ साली त्सुरुया नांबोकू याचं 'योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक आलं. नवऱ्याच्या विश्वासघातापायी मेलेली ओइवा त्यात सूड घ्यायला परतते. मोकळे सोडलेले लांब केस आणि मृताला नेसवतात तसं पांढरं वस्त्र, हे जपानी भुताचं रूप लोकांच्या डोळ्यांत भरलं ते चित्रांतून आणि अशा नाटकांतून. काबुकीत स्त्रीभूमिका पुरुष करतात. आपल्या झाडीपट्टीतल्या दंडार या लोकनाट्यातही पुरुषच लुगडं नेसून उभे राहत आले. जपानी लोक भुतांची नाटकं उन्हाळ्यात पाहतात, उकाड्यात अंगावर शहारा यावा म्हणून.

ओइवा असो की कायाको, दोघींचा गुन्हेगार नवरा. आपल्याकडे बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होते म्हणतात. जपानात तशीच उबुमे आहे. इतकी दूरदूरची गावं, पण जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही तीच मेल्यावर बोलते.

मराठीत हे सर्वात नेमकं पकडलं ते विशाल फुरियाच्या 'लपाछपी'ने (२०१७). धानाच्या बांधीत माणूस लांबून दिसतो, उसात मात्र दोन हातांवरचाही दिसत नाही. अशा उसाच्या रानातल्या एकाकी घरात गरोदर नेहा, म्हणजे पूजा सावंत, येऊन अडकते. तिथली तुळसाबाई उषा नाईक यांनी अशी उभी केली आहे की तिच्या मायेनेच धडकी भरते. घराच्या पोटात दडलेला गुन्हा मुलींच्या हत्येचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८९४ मुली होत्या, हे ठाऊक असलेल्याला त्या घरातली लपाछपी खेळणारी पोरं नुसती भुतं वाटत नाहीत. शिमिझुप्रमाणेच फुरियानेही आपल्या सिनेमाचा रिमेक स्वतःच केला. २०२१ सालचा हिंदी 'छोरी' तो हाच.

पाहायचेच असतील तर आधी जपानी 'जु-ऑन' पाहा, मग 'द ग्रज'. आणि 'छोरी'च्या आधी मराठी 'लपाछपी' पाहा, शक्यतो घरातल्या पुरुषांना सोबत बसवून.