रात्री मूल कुठे झोपतं

मुंबईच्या कामाठीपुऱ्यात दिवेलागणीला दोन हालचाली एकाच वेळी सुरू होतात. बाया तोंड धुऊन, पावडर लावून दारात उभ्या राहतात, आणि त्याच गल्ल्यांमधून काही पोरं पाठीला दप्तर अडकवून रात्रनिवारा केंद्राकडे निघतात. तिथे जेवण असतं, अभ्यास होतो आणि अंथरूण मिळतं. सकाळी मुलं आईकडे नाहीतर शाळेत जातात. ‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ मध्ये सुरू केलेलं हे केंद्र वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी रात्रभर चालणारं जगातलं पहिलं केंद्र मानलं जातं.

रात्रच का? कारण खोलीत गिऱ्हाईक आलं की मुलाला जागा उरत नाही. ते खाटेखाली झोपतं, जिन्यात बसतं किंवा कुणाची दारू-बिडी आणायला रस्त्यावर फिरत राहतं. दलालाला हीच वेळ हवी असते. मूल घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, ताब्यात असलं की आई पळून जात नाही. मुलगी असेल तर ती बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत थांबायची त्या धंद्याची तयारी असते.

प्रेरणाच्या संस्थापक प्रीती पाटकर कामाठीपुऱ्यात पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्या समाजकार्य शिकलेल्या तरुणी होत्या. एकाच घरातल्या तीन पिढ्या, म्हणजे आजी, आई आणि नात, एकाच गल्लीत गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या त्यांनी पाहिल्या. १९८६ मध्ये प्रवीण पाटकर यांच्यासोबत त्यांनी संस्था उभी केली, आणि तिचा प्रश्न या दृश्यातूनच आला: चौथी पिढी तिथे उभी राहू नये म्हणून काय करावं लागेल? रात्रीची झोप, शाळेची फी, आणि आईची इच्छा असेल तर मुलासाठी वस्तीबाहेरचं वसतिगृह, अशा साध्या गोष्टींतून उत्तर आकाराला आलं. मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला तोंडात बोळा कोंबून पळवलेली मुलगी आठवते. वस्तीतल्या मुलीला मात्र कुणी कुठून पळवून आणावं लागत नाही. ती तिथेच मोठी होत असते.

मुंबईबाहेरही असं काम उभं राहिलं. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गिरीश कुलकर्णी या तरुणाने १९८९ मध्ये ‘स्नेहालय’ सुरू केलं, तेही वेश्यावस्तीतल्या मुलांना जवळ घेऊनच.

छापा आणि सुटका ही या कामाची दुसरी बाजू. ती बातमीत दिसते, म्हणून मोठी वाटते. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई पोलिसांनी वेश्यावस्त्यांवर छापे घालून चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळच्या होत्या. मुली सुटल्या खऱ्या, पण त्यांचं पुढे काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. सुधारगृहं अपुरी पडली आणि नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. अखेर अनुराधा कोइराला यांच्या ‘माइती नेपाल’सारख्या तिथल्या संस्था एकत्र आल्या, आणि जुलैमध्ये १२८ जणी काठमांडूला पोहोचल्या. ‘माइती’ म्हणजे माहेर. सरकारने दार लावलं असताना संस्थांनी माहेर व्हावं, ही गोष्ट अभिमानाची आहे आणि तितकीच संतापाचीही.

कोर्टातली फट तर आणखी वेगळी. २००२ मध्ये मुंबईत छाप्यात सापडलेल्या मुलींना दंडाधिकाऱ्यांनी सोडून दिलं, तेव्हा प्रेरणाने उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्याच वर्षी बजावलं की अठरा वर्षांखालच्या मुलीचं प्रकरण दंडाधिकाऱ्यांनी हाताळायचं नाही, ते बालकल्याण समितीकडे जाईल. चौकशी झाल्याशिवाय तिला कुणाच्याही हवाली करायचं नाही. आणि आरोपींचा वकील त्याच प्रकरणातल्या मुलीचा वकील होऊ शकणार नाही. हा तिसरा आदेश मुद्दाम द्यावा लागला. तो वाचला की दलाल मुलीला कोर्टातून परत कसा नेत असे, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र प्रत्येक सुटका हवीशी असतेच असं नाही. सांगलीत मीना सेषू यांची ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायांसोबत काम करते. तिथल्या सज्ञान बाया ठामपणे सांगत आल्या आहेत की आम्हाला विचारा, फरफटत नेऊ नका. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला अटक किंवा छळ होऊ नये असं म्हटलं. आई या धंद्यात आहे एवढ्याच कारणावरून मूल तिच्यापासून तोडू नये, असंही त्याच आदेशात आहे. रात्रनिवारा केंद्र आई-मुलाला तोडत नाही, रात्रीपुरतं मुलाला जपतं. म्हणूनच बाया त्याच्यावर विश्वास टाकतात.

तस्करी वेश्यावस्तीपुरती नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी कुटुंबातली लहान मुलगी मेंढपाळाकडे राबता राबता मरणपंथाला लागली आणि रुग्णालयात गेली. मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली. काही हजार रुपये किंवा एखादी मेंढी देऊन कातकऱ्यांची मुलं मेंढ्यांमागे नेली जात होती. श्रमजीवी संघटनेने हे प्रकरण लावून धरलं. ही संघटना विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई परिसरात १९८२ मध्ये वेठबिगारांच्या प्रश्नावर उभी केली. ठाणे जिल्ह्यात पूर्वी लग्नासाठी कर्ज घेतलेला आदिवासी ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराकडे राबत असे. आज वीटभट्टीवरच्या कुटुंबाला पावसाळ्यात ‘उचल’ मिळते. शब्द बदलला, पण आधी पैसे आणि मग माणूस हा हिशेब तोच राहिला.

वेठबिगारी कायद्याने १९७६ पासून बंद आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेत सुटलेल्या पुरुषाला एक लाख, स्त्री-बालकांना दोन लाख आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत तीन लाख रुपये ठरवले आहेत. तातडीची थोडी रक्कम लगेच मिळते, पण पूर्ण पैसे मालकाला शिक्षा झाल्यावर. खटला वर्षानुवर्षं चालला की हाती काही नसलेलं कुटुंब पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल घेतं. ही अट काढायला हवी.

कामाठीपुरा आता रिकामा होत चालला आहे. जुन्या चाळी पाडून पुनर्विकास होऊ घातलाय, बाया उपनगरांतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये पांगल्या आहेत आणि सौदे मोबाइलवर होतात. गल्लीत संध्याकाळी दारोदार जाऊन मुलं गोळा करता येत होती. विखुरलेल्या खोल्यांमधलं मूल शेजाऱ्याला, शाळेतल्या बाईंना, रिक्षावाल्याला दिसलं तरच सापडणार. त्यांच्यासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालू आणि फुकट. संकटातलं असं मूल हाती आलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि त्या रात्री ते कुठे झोपेल हे ठरवण्याची जबाबदारी समितीची असते.