रूट कॅनाल: मशीनचं की हाताचं?

"हाताने केलं तर अर्धवट राहतं, मशीनवाला डॉक्टरच शोधा." मुलाची दाढ किडली की पालकांच्या ग्रुपवर हा सल्ला ठरलेला. देणाऱ्याचा आत्मविश्वास तर असा, की जणू दाढेत स्वतः उतरून पाहून आलाय.

दुधाच्या दाढेची मुळं बाकदार आणि फाकलेली असतात, कारण त्यांच्या मधोमध कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. आतले कालवे फितीसारखे चपटे, त्यांना बारीक फाटे. कालवे साफ करणारी गोल फाइल तिथल्या प्रत्येक भिंतीला टेकणार कशी? मग ती बोटांनी फिरवा नाहीतर मोटरने. मोठ्यांच्या दाढांवर 2001मध्ये झालेल्या सूक्ष्म-सीटी अभ्यासात, कोणतीही फाइल वापरली तरी कालव्याच्या भिंतीचा निदान 35 टक्के भाग अस्पर्शच राहिला होता. फाइल वाट रुंद करते. फाट्यांपर्यंत पोचतं ते औषधी द्रावण, बहुधा सौम्य सोडियम हायपोक्लोराइट. ते कंटाळा न करता पुन्हा पुन्हा सोडावं लागतं.

दुधाच्या दातांत रोटरी, म्हणजे मोटरने फिरणारी फाइल, वापरल्याचा पहिला शोधनिबंध 2000च्या सुमारासचा. त्यानंतरच्या तुलनात्मक चाचण्यांचे एकत्रित आढावेही निघाले. त्यांचा सूर असा: रोटरीने वेळ वाचतो, भरणही बऱ्याचदा अधिक नीट होतं; पण दात टिकण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसत नाही. वाचलेला वेळ क्षुल्लक नाही. पाच वर्षांच्या पोराला तोंड उघडं ठेवायला लावून बघा! मशीनचे जादा पैसे द्यायचे तर यासाठी द्या. मात्र चेन्नईत मुलांसाठी बनलेल्या 16 मिमीच्या आखूड फाइल असल्या, तरी मुळाची पातळ भिंत जपायचं कसब डॉक्टरचंच. आणि "मशीन आहे का?" विचारणारे "वर कॅप कधी बसवणार?" हे विचारतच नाहीत. कॅपशिवाय जंतूंना पुन्हा वाट मोकळी.

बाकीचे गैरसमज झटपट. मशीनने दुखत नाही? दुखत नाही ते भुलीच्या इंजेक्शनमुळे. रोटरी म्हणजे लेझर? अजिबात नाही, फिरणारी धातूची फाइलच ती. मोठ्यांसारखंच भरण करतात? सहसा नाही, मुळाबरोबर विरघळेल असं औषध भरतात; मोठ्यांच्या दातात भरतात तो गटापर्चा विरघळत नाही. दुधाची दाढ पडणारच, मग खर्च कशाला? दुसरी दाढ साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असते. ती फार आधी काढली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकून तिची जागा बळकावते.