केस बरे होत नाहीत, म्हणून आधीच जपायचे!

(या भागात बोललेलं थोडी काटछाट करून इथे लिहून काढलंय.)

आजचा भाग एका श्रोत्या ताईंच्या मेलमुळे सुचला. त्यांच्या मुलीच्या केसांना वर्षभरात दोनदा पार्लरमध्ये केरॅटिन केलं. दहा हजारांच्या वर खर्च झाला आणि आता फणी फिरवली की केस मधूनच तुटतात. ताई विचारतायत, "तिसऱ्यांदा करू, की आणखी महागाचं काही घेऊ?"

ताई, थांबा. आधी केस म्हणजे काय ते बघू.

आपल्याला दिसतो तो केस मेलेला असतो. जिवंत भाग असतो तो त्वचेखाली, मुळाशी. बोट कापलं तर जखम भरते, कारण तिथे जिवंत पेशी आहेत. केसाला ती सोयच नाही. केसावर बाहेरून खवल्यांचं आवरण असतं, घराच्या कौलांसारखं एकावर एक. आत केरॅटिन या प्रथिनाचे तंतू असतात. वरची कौलं निघाली की आतले तंतू उघडे पडतात, सुटे होतात आणि मग फाटे फुटतात. निघालेलं कौल परत उगवत नाही.

आता हिशोब करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटरच्या वेणीचं टोक सुमारे ५ वर्षांचं झालं. पाच वर्षांचं ऊन, पाणी, फणी, ड्रायर, सगळं त्यानं सोसलंय!

मग पार्लरमध्ये काय होतं? बहुतेक वेळा केसावर गुळगुळीत थर चढतो. केस चमकतात, गुंता कमी होतो. ते खोटं नाही, पण धुता धुता तो थर उतरतो. तुटलेले आतले बंध जोडणारे काही नवे उपचार थोडा आधार देतात, पण गेलेले खवले परत आणत नाहीत. शिवाय केस सरळ करणाऱ्या काही द्रावणांतून, तापवल्यावर, फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. त्यानं डोळे-घसा चुरचुरतो आणि तो कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. करायचंच असेल, तर बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचायला मागा. वर तापलेली इस्त्री फिरते, ती वेगळीच.

बरं, मग घरी काय करायचं?

पहिलं, ओला केस. पाण्यानं केस फुगतो, जास्त ताणला जातो आणि कमकुवत होतो. आपल्याकडे न्हाल्यावर केस पुढे घेऊन पंचानं फटाफट झटकायची सवय आहे. आज्या करायच्या, आयाही करतात. मंडळी, ती सोडा. जुनं मऊ सुती कापड गुंडाळून पाणी टिपून घ्या. गुंता मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून सुरुवात करून वर वर जात सोडवा. आणि ओल्या केसांचा घट्ट अंबाडा नको.

दुसरं, तेल. इथे मात्र आजी बरोबर होती! मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना छापली. केसातलं प्रथिन वाहून जाणं कमी झालं ते फक्त खोबरेलानं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच ऐका. पण कारण पटण्यासारखं आहे. या तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केस कमी फुगतो. म्हणून तेल न्हाण्याआधी लावायचं, तेही थोडंसं. कोंडा असेल तर टाळूला नको, फक्त लांबीला लावा.

तिसरं, उष्णता. बरेच स्ट्रेटनर २०० अंश सेल्सिअसच्या वर तापतात. ओलसर केसावर फिरवलात तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. चर्र असा आवाज आला की समजा, केस भाजतोय. पूर्ण वाळल्यावरच, कमी तापमानावर आणि लग्नकार्यापुरतंच वापरा.

चौथं, ताण. रोज एकाच जागी घट्ट पोनी बांधली तर कपाळाजवळचे केस मागे सरकत जातात. इथे थेट मूळ दुखावतं. वर्षानुवर्षं चाललं तर तिथे केस परत येतच नाहीत. बांधणी सैल ठेवा, जागा बदला.

तर ताई, तिसऱ्यांदा नको. फाटे फुटलेली टोकं कापून टाका, नाहीतर ती चीर वर सरकत जाते. मुलीला सांगा, नवा येणारा केस चांगलाच आहे, त्याला सांभाळ. वर्षभरात दहा-बारा सेंटिमीटर नवीन केस हातात येईल, तोही जवळजवळ फुकट. मात्र केस मुळापासून पुंजक्यांनी गळत असतील किंवा टाळूवर चट्टे दिसत असतील, तर पार्लर नको आणि तेलही नको. सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

तुमच्या घरी केस कसे वाळवतात, ते कळवा बरं का. भेटू पुढच्या भागात!