संगणकाची पहिली भाषा : प्रावीण्य केव्हा व कशात?

विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण राज्यात १९८३ साली अमलात आले. त्याच वर्षी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा व संगमनेर येथे अमृतवाहिनी ही अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. कालांतराने संगणकाचे उच्च शिक्षण जिल्ह्यातच मिळू लागले. आता प्रश्न उभा राहतो तो निराळा. ‘जावा’ किंवा ‘पायथन’ अशी एखादी भाषा निवडून विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून तिच्यातच प्रावीण्य मिळवावे काय? पालक हा प्रश्न गावातील शिक्षकांना व पंचायत सदस्यांना विचारतात, कारण एकाच भाषेच्या बळावर नोकरीची हमी देणाऱ्या खाजगी वर्गाचे शुल्क भरण्यासाठी प्रसंगी कर्ज काढावे लागते.

संगणकाला द्यावयाच्या सूचना ज्या ठराविक शब्दांत व चिन्हांत लिहितात, ती त्याची भाषा होय. सूचना कोणत्या व कोणत्या क्रमाने द्यावयाच्या, हे मात्र भाषा सांगत नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते व त्यानुसार पिकांचे नियोजन करते. अशा ताळेबंदासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहावयाचा झाल्यास काय करावे लागेल? एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी मिळते. त्यातून वाहून जाणारे व बाष्प होऊन उडणारे पाणी वजा करावयाचे, प्रत्येक पिकाची गरज क्षेत्राने गुणावयाची, बेरीज करून तुलना करावयाची आणि तूट आल्यास तशी सूचना द्यावयाची. एखाद्या दिवशी पर्जन्यमापकाची नोंदच झाली नसेल, तर तो दिवस कोरडा समजावयाचा काय? नोंद नसणे आणि पाऊस शून्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याचा ताळेबंद कोणत्याही भाषेत लिहिला तरी चुकणारच.

हा विचार अंगी मुरण्यासाठी आरंभी एकच भाषा धरून वर्ष-दीड वर्ष कसून अभ्यास करणे योग्य ठरते. दर दोन महिन्यांनी भाषा बदलणाऱ्यास केवळ निरनिराळ्या विरामचिन्हांची ओळख होते. परंतु एक भाषा नीट शिकणे वेगळे आणि सारे भवितव्य तिच्याशी बांधून घेणे वेगळे. वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक नोंदविणारे जुने कार्यक्रम २००० सालापूर्वी दुरुस्त करावयाचे होते. त्यामुळे १९५९ साली आखलेल्या ‘कोबोल’ भाषेच्या जाणकारांना एकाएकी मोठी मागणी आली. ते काम संपताच मागणी ओसरली. ‘कोबोल’ मात्र नाहीशी झाली नाही. अनेक बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात. अँड्रॉइड भ्रमणध्वनीसाठी प्रथम ‘जावा’च प्रचलित होती, २०१९ साली गूगलने त्या कामासाठी ‘कोटलिन’ला अग्रक्रम दिला. ज्यांना ‘जावा’मागील तत्त्वे उमगली होती, त्यांना हा बदल फारसा जड गेला नाही.

राज्याच्या संगणक पदविका अभ्यासक्रमात ‘सी’पासून ‘पायथन’पर्यंत अनेक भाषा येतात, त्यामुळे दुसरी भाषा टळत नाहीच. शिक्षकांना येथे एक सोपी कसोटी लावता येईल. विद्यार्थ्याने पहिल्या भाषेत सोडविलेले उदाहरण त्याला दुसऱ्या भाषेत सोडवावयास द्यावे. तो केवळ शब्द व चिन्हे शोधण्यात अडत असेल तर पाया पक्का समजावा. पायऱ्याच आठवत नसतील, तर पहिली भाषा पाठ झाली आहे, समजलेली नाही.

विशेष प्रावीण्याची निवड त्यानंतर कामाच्या स्वरूपावरून करावी. शेतातील ओलावा मोजणाऱ्या उपकरणातील लहान नियंत्रकासाठी ‘सी’ आजही उपयोगी पडते. आकडेवारीच्या विश्लेषणात ‘पायथन’चा वापर मोठा आहे, तर साठविलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढण्यासाठी ‘एसक्यूएल’ जवळजवळ सर्वत्र लागते. खाजगी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी तेथे भाषेच्या नावाऐवजी हे विचारावे, की विद्यार्थी स्वतः कोणता कार्यक्रम पूर्ण लिहिणार आणि तो तपासणार कोण?