परतीचं भाडं कुणाच्या खिशातून?

ऑनलाइन मागवलेली वस्तू फोटोतल्यासारखी निघाली नाही, तर ती परत पाठवण्याचा खर्च कोणी सोसायचा? यवतमाळकडच्या पिनकोडवर हा प्रश्न जरा जास्तच महाग पडतो.

लंच ब्रेक, हातात मोबाइल आणि समोर जंगी सेल! पुण्यातल्या ऑफिसात बसून पुसदच्या आईसाठी साडी मागवायला दोन मिनिटं पुरतात. चार-सहा दिवसांनी आईचा फोन येतो, ‘काय रे, सिल्क म्हणत होता ना तू? हे तं सिंथेटिक निघालं!’

‘नो प्रॉब्लेम, रिटर्न टाकतो,’ म्हणत तुम्ही अ‍ॅप उघडता आणि तिथे लिहिलेलं असतं, या पिनकोडवर पिकअप नाही, वस्तू स्वतः कुरिअर करा. सहाशेची साडी, वर कुरिअरचे पैसे आणि भर उन्हात आईची चक्कर. शेवटी ‘राहू दे, देऊन टाकू कुणाला तरी’ असं ठरतं. फायदा कुणाचा? विक्रेत्याचा!

दोन कारणं, दोन हिशेब

खरी मेख ‘रिटर्न का करताय?’ या प्रश्नात आहे. घाईत आपण पहिल्याच पर्यायावर टिक करतो, ‘आवडलं नाही.’ इथेच गडबड होते.

वस्तू वर्णनाप्रमाणेच आली, पण मन बदललं, तर ती परत घेण्याची सक्ती आपला कायदा विक्रेत्यावर करत नाही. तिथे कंपनीची पॉलिसी चालते. फ्री रिटर्न असेल तर उत्तम, नाहीतर भाडं तुमचं.

पण वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली, तर चित्र पालटतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यानुसार अशी वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कबूल केलेल्या तारखेनंतर माल आला, तरी हाच नियम. ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ असं ठळक छापलं म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

मग भाड्याचं काय? ‘परतीचं टपाल विक्रेत्यानेच भरावं’ असं सरळ वाक्य या नियमांत नाही. मात्र चूक विक्रेत्याची असेल, तर झालेला खर्च नुकसानभरपाई म्हणून मागता येतो. शिवाय स्वतःचा माल विकणाऱ्या साइट्सनी परत पाठवण्याचा खर्च किती, याची माहिती ग्राहकाला द्यायलाच हवी.

युरोपियन युनियनमध्ये हा हिशेब जास्त स्पष्ट आहे. तिथे ऑनलाइन खरेदीवर मन बदलायला १४ दिवस मिळतात. परतीचं भाडं ग्राहक भरतो, पण ते त्याला भरावं लागेल हे विक्रेत्याने आधी सांगितलं नसेल, तर ते विक्रेत्याच्या माथी!

४४५ वाल्यांचं काय?

यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड. जिल्ह्यातले पिनकोड ४४५ ने सुरू होतात. सामान पोचवणारा पोचवतो, पण परत न्यायला कुणी येईलच याची खात्री नाही. अशा वेळी काही कंपन्या ‘सेल्फ-शिप’ सुचवतात, म्हणजे तुम्ही स्पीड पोस्टने किंवा कुरिअरने पाठवा, ठरावीक रकमेपर्यंत खर्च आम्ही देऊ. म्हणून पावती जपून ठेवा आणि पाठवण्याआधी ‘खर्च कोण देणार?’ हे चॅटवर लेखी घ्या.

कंपनी दाद देत नसेल, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची, असा नियम आहे. तरी काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच, नंबर १९१५.

शेवटचा उपाय जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला किंवा बंगळुरूला असलं, तरी तुम्हाला तिकडे जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथेच तक्रार नोंदवता येते. म्हणजे तुम्ही पुण्यात असाल तर पुण्यात, यवतमाळला असाल तर यवतमाळच्या आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो आणि व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागता येते. उमरखेड म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक, यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. तिथल्या माणसासाठी ही सोय लाखमोलाची. मुदत दोन वर्षांची.

सहाशे रुपयांसाठी इतकं कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे! पण बहुतेकदा एक नीट लिहिलेला ई-मेलही काम करून जातो, फक्त पुरावा हवा.

‘बाय नाऊ’ दाबण्याआधी

• रिटर्न पॉलिसी वाचा. तुमच्या, किंवा जिथे पार्सल जाणार आहे त्या पिनकोडवर पिकअप आहे का, ते बघा.
• विक्रेत्याचं नाव, पत्ता, फोन साइटवर आहे का? नसेल तर लांबूनच नमस्कार.
• वस्तूच्या फोटोचा आणि वर्णनाचा स्क्रीनशॉट ठेवा. नंतर पान बदललं तर हाच साक्षीदार.
• पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. कायद्याने सक्ती नाही, पण वाद झाला तर उपयोगी पडतो.
• आणि रिटर्नचं कारण विचार करून निवडा. सिल्कऐवजी सिंथेटिक आलं असेल, तर ते ‘आवडलं नाही’ नव्हे. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच लिहा.